पास्कल, सी, फॉक्सप्रो, जावा: मराठवाड्यात कोणती भाषा कधी आली आणि ती कोणी निवडली?

गोदातीर (नांदेड)

प्रोग्रामिंगच्या जुन्या आठवणी निघाल्या की बहुतेक जण आज टिकून असलेल्या भाषेपासून मागे मागे जातात. सी टिकली, म्हणून ती पहिल्यापासून सर्वांकडे होती असे वाटू लागते. पास्कल मागे पडली, म्हणून ती केवळ वर्गात शिकवण्यापुरती होती असे ठरून जाते. कार्यालयांतील याद्या आणि हिशेब सांभाळणाऱ्या फॉक्सप्रोचे तर नावही या इतिहासात कोणी घेत नाही, जरी आपल्या भागातील कितीतरी जणांची पहिली नोकरी तिच्याच आधारावर लागलेली असली तरी. हा धागा काढण्यामागे माझे म्हणणे असे आहे की मराठवाड्यात भाषेची निवड तिच्या गुणांवरून क्वचितच झाली. उपलब्ध यंत्रावर काय चालते, ओळखीच्या माणसाकडे कोणती फ्लॉपी आहे, अभ्यासक्रमात काय छापले आहे आणि यादीत नाव देवनागरीत येते की नाही, अशा गोष्टींनी भाषा ठरत गेली. गुणांची कारणे आपण नंतर जोडली.

पास्कल आणि सी यांचेच उदाहरण घेऊ. निकलाउस वीर्थ यांनी पास्कल १९७० मध्ये मांडली आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी १९७२ च्या सुमारास आकाराला आणली, म्हणजे वयाने दोन्ही जवळपास सारख्या आहेत. परंतु पीसी-एक्सटीवर, म्हणजे सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकावर, काम करणाऱ्याला त्या एकाच वेळी मिळाल्या नाहीत. बोर्लंडचे टर्बो पास्कल नोव्हेंबर १९८३ मध्ये ४९.९५ डॉलरला आले. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत एडिटर आणि कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारे साधन) मिळून मुख्य फाइल ४० किलोबाइटच्या आत होती, आणि संपूर्ण भाषांतर एकाच फेरीत, थेट मेमरीमध्ये होत असे. ज्या यंत्राला हार्ड डिस्क नाही आणि ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवरच सर्व कारभार चालतो, तिथे या गोष्टीचे महत्त्व किती मोठे होते हे आज पटवून द्यावे लागते. त्या काळातील पीसीवरचे सीचे कंपायलर अनेक फेऱ्यांत काम करत, मधल्या फाइली डिस्कवर लिहीत, नंतर तुकडे जोडणारा लिंकर चालवावा लागे आणि त्यासाठी फ्लॉपी बदलत बसावे लागे. बोर्लंडचे टर्बो सी १९८७ मध्ये आले, तेव्हा कुठे सीला पीसीवर तशीच सोय मिळाली. म्हणून कोणी मला म्हणाले की १९८५ मध्ये आपल्या गावी पीसीवर सगळे सीच लिहीत होते, तर माझा पहिला प्रश्न असतो की कोणत्या कंपायलरवर.

सभासदांना विनंती आहे की त्यांनी भाषा, यंत्र, गाव आणि ती भाषा कोणी निवडली हे लिहावे. प्रॅक्टिकलचे जर्नल, डॉट मॅट्रिक्सचा कागद किंवा जुनी फ्लॉपी घरात असेल तर तिचा जरूर उल्लेख करावा, कारण या विषयात कागद हा आठवणीपेक्षा अधिक भरवशाचा साक्षीदार आहे.

बालाघाट (मूळ बीड, सध्या पुणे)

गोदातीर, विषय महत्त्वाचा आहे, तरी आपल्या मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. मी सी शिकलो ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या यंत्रावर, आणि तिथे दुसऱ्या कोणत्या भाषेचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच सीमध्ये नव्याने लिहिला गेला होता, त्यामुळे युनिक्स जिथे पोचले तिथे कंपायलर आपोआप पोचला. कर्निघन आणि रिची यांचे सीवरील १९७८ चे पुस्तक लहान होते, नेमके होते आणि एकाच माणसाला आठवडाभरात वाचून पचवता येईल असे होते. भाषेच्या प्रसारात अशा पुस्तकाचा वाटा आपण विचारात घेतलेला दिसत नाही.

दुसरे असे की पास्कलवर झालेली टीका नंतर रचलेली नव्हती. कर्निघन यांनी १९८१ मध्येच लिहून ठेवले आहे की मानक पास्कलमध्ये ॲरेची (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेची) लांबी हा त्याच्या प्रकाराचाच भाग असतो, त्यामुळे दहा घटकांच्या ॲरेसाठी लिहिलेले फंक्शन वीस घटकांच्या ॲरेला चालत नाही. प्रोग्रामचे वेगवेगळे तुकडे स्वतंत्रपणे कंपाइल करण्याची सोय नाही, हाही त्यांचा आक्षेप होता. हे आक्षेप प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचे आहेत. तेव्हा सी केवळ फ्लॉपीच्या योगायोगाने जिंकली असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

गोदातीर

बालाघाट सर, पुस्तकाबद्दलचा आपला मुद्दा मला मोलाचा वाटतो आणि युनिक्सबद्दल आपण जे लिहिले तेही बरोबर आहे. माझे विधान पीसीपुरते होते, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला पीसीच आला.

कर्निघन यांच्या टीकेविषयी मात्र थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे, कारण आठवणी कशा सरकतात हे इथेच स्पष्ट दिसते. त्यांचे आक्षेप वीर्थ यांच्या मूळ, मानक पास्कलवर होते. आपल्याकडे जी पास्कल वापरली गेली ती बोर्लंडची होती. तिच्यात २५५ अक्षरांपर्यंतचा स्ट्रिंगचा (मजकुराचा) स्वतंत्र प्रकार होता, मशीन कोड थेट लिहिता येत असे, आणि १९८७ च्या चौथ्या आवृत्तीपासून युनिट आल्यामुळे तुकड्यांचे स्वतंत्र कंपाइलेशनही होऊ लागले. म्हणजे टीका एका पास्कलवर झाली, ती वाचली गेली दुसरी पास्कल वापरणाऱ्यांकडून, आणि काही वर्षांनी ज्यांनी पास्कलमध्ये उत्तम कामे केली होती तेही सांगू लागले की त्या भाषेत गंभीर काम होत नसे. प्रत्यक्षात डोनाल्ड क्नुथ यांचे १९८२ चे टेक्स हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर पास्कलवर आधारलेल्या पद्धतीने लिहिलेले आहे, सुरुवातीच्या मॅकिंटॉशची प्रोग्रामरांसाठीची माहिती पास्कलच्या रूपात दिलेली होती, आणि सोळा बिटांच्या विंडोजमधील फंक्शनांना हाक मारण्याची रीतही पास्कलचीच होती, कारण तिच्यामुळे कोड लहान होत असे. या सर्व गोष्टी सीच्या गुणांना कमीपणा आणत नाहीत. पराभूत भाषेला आपण आठवणीत जितके लहान करतो तितकी ती लहान नव्हती, एवढेच मला म्हणायचे आहे.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

माझ्याकडे डिप्लोमाच्या काळातील दोन जर्नले आहेत. एकात फोरट्रान आहे आणि दुसऱ्यात पास्कल. फोरट्रानच्या जर्नलात वर्गसमीकरणाची मुळे, मॅट्रिक्सचा गुणाकार आणि सिम्प्सनचा नियम आहे. पास्कलच्या जर्नलात रेकॉर्ड, फाइल आणि लिंक्ड लिस्ट आहे. सीचे एकही पान नाही. तरीही माझ्या वर्गातील मित्रांना विचारले तर निम्मे जण शपथेवर सांगतील की आपण सी शिकलो. त्याचे कारण मला असे वाटते की कॉलेज सुटल्यानंतर आम्ही सर्वांनी सी खाजगी क्लासमध्ये शिकली आणि कॉलेज व क्लास या दोन्ही ठिकाणच्या आठवणी आता एकमेकींत मिसळल्या आहेत.

क्लासचा उल्लेख केलाच आहे तर कोबोलबद्दल लिहितो. कोबोल १९५९ ची भाषा. आमच्या शिक्षकांनी स्वच्छ सांगितले होते की ती आता संपत आली आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. पुढे सन २००० ची अडचण समोर आली. जुन्या प्रोग्रामांत वर्ष दोनच अंकांत साठवलेले असल्यामुळे परदेशातील बँका आणि विमा कंपन्यांना लाखो ओळी तपासून घ्यायच्या होत्या आणि त्यातील फार मोठा भाग कोबोलमध्ये होता. शहागंज ते क्रांती चौक या पट्ट्यात कोबोल शिकवणारे फलक तेव्हा नव्याने लागलेले मी पाहिले आहेत. संपलेली म्हणून सांगितलेल्या भाषेने अनेक घरांना पहिला परदेशी पगार दाखवला. हा अध्याय मात्र भाषांच्या स्पर्धेच्या कोणत्याही आठवणीत येत नाही, कारण कोबोलशी स्पर्धा कोणी मानलीच नव्हती.

गळीतहंगाम (लातूर–धाराशिव सीमेवरून)

इथे आतापर्यंत कॉलेजच्या भाषांबद्दल लिहिले गेले. मी कॉलेजात संगणक शिकलेलो नाही. मी सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात लागलो आणि तिथे जे होते ते शिकलो, म्हणून कार्यालयांतील भाषांची बाजू सविस्तर मांडतो.

आमचे काम असे होते: सभासदाची ऊसनोंद, गट क्रमांक, लागवडीची तारीख आणि उसाची जात; त्यावरून तोडणीचा कार्यक्रम; वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीची पावती; आणि दर पंधरवड्याला उसाचे बिल, ज्यातून सोसायटीचे कर्ज, बेण्याची उचल आणि इतर कपाती वजा होतात. त्याशिवाय तोडणी-वाहतूकदारांचा हिशेब वेगळा. हे सगळे आधी रजिस्टरांवर होत असे आणि हंगामात लेखनिकांना रात्री जागाव्या लागत. या कामाला गणित साधेच लागते. लागतात ती मोठी कोष्टके, जलद शोध आणि छपाई. डीबेस थ्री प्लस, नंतर फॉक्सबेस आणि शेवटी फॉक्सप्रो या माहितीसाठ्याच्या प्रणालींनी नेमके तेच दिले. आदेशासाठी येणाऱ्या बिंदूसमोर (डॉट प्रॉम्प्टला) एक ओळ टाइप करावी आणि गावनिहाय यादी पडद्यावर यावी, हे सीमध्ये करायचे म्हटले तर फाइल उघडण्यापासून इंडेक्स (शोधासाठीची क्रमवार सूची) बांधण्यापर्यंत सगळे स्वतः लिहावे लागले असते. फॉक्सप्रोच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत शोध जलद करणारे रशमोर नावाचे तंत्र आले आणि साध्या ३८६ यंत्रावर हजारो सभासदांची फाइल क्षणात चाळली जाऊ लागली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, तेव्हा आम्हाला ही भाषा आता कायम राहणार असा भरवसा वाटला होता.

आता देवनागरीबद्दल, कारण गोदातीर यांनी त्याचा उल्लेख केला आणि माझ्या मते आमच्या निवडीचे खरे कारण तेच होते. शेतकऱ्याला बिल इंग्रजीत देऊन चालत नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवले की डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे अक्षरी पडद्याचे जवळपास कोणतेही पॅकेज देवनागरीत चालत असे आणि प्रोग्राममध्ये वेगळा बदल करावा लागत नसे. या कार्डामागचे मूळ संशोधन आयआयटी कानपूरचे. त्यात इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकाप्रमाणे प्रत्येक वर्ण एका बाइटमध्ये साठत असे, म्हणून फॉक्सप्रोच्या दृष्टीने ते साधे अक्षरच राहत असे. फील्डची (नोंदीतील रकान्याची) लांबी ठरवताना मात्र काळजी घ्यावी लागे, कारण काना, मात्रा आणि हलन्त हे सर्व स्वतंत्र जागा घेतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावाला दहा बाइट लागतात, आणि त्यापुढे वडिलांचे नाव व आडनाव आले की पंचवीस बाइटांचे फील्ड हमखास अपुरे पडे. इस्कीची रचनाच वर्णमालेच्या क्रमाने केलेली असल्यामुळे इंडेक्स लावला की नावे बहुतांशी मराठी क्रमाने येत. ज्यांनी इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लावलेल्या याद्यांत माणसे शोधली आहेत त्यांनाच या सोयीची किंमत कळेल.

पुढे व्हिज्युअल बेसिक आले. पहिली आवृत्ती १९९१ ची, पण आमच्याकडे पोचली ती १९९८ ची सहावी. शहरातून आलेली मुले सांगत की फॉक्सप्रो सोडा, खिडक्या आणि बटणे असलेले सॉफ्टवेअर करून देतो. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, परंतु व्हीबी सहाच्या मूळ कंट्रोलमध्ये (बटणे, चौकटी यांत) युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीचे सामाईक मानक, चालत नसे, त्यामुळे मराठी आणायचे तर विशिष्ट फॉन्टचा आधार घ्यावा लागे. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. छपाई सुंदर येई, पण क्रम बिघडे, शोध बिघडे आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सभासदाचे नाव म्हणजे निव्वळ चिन्हांची ओळ दिसे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोडची देवनागरी आली, ती कार्यालयांत रुळेपर्यंत आणखी काही वर्षे गेली. त्या मधल्या काळात डॉसवरचे फॉक्सप्रो आणि जिस्ट कार्ड ही जोडी अनेक ठिकाणी टिकून राहिली. लोक याला मागासलेपणा म्हणतात. मी तसे मानत नाही. ज्या साधनाने शेतकऱ्याचे नाव नीट छापले जात होते ते आम्ही सोडले नाही.

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले. भाषा संपवण्याचा निर्णय वापरणाऱ्यांच्या हातात नसतो, हे त्या दिवशी आम्हाला समजले.

बालाघाट

गळीतहंगाम, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. युनिक्सच्या खोलीत बसून आम्ही डीबेसवाल्यांना प्रोग्रामर मानत नव्हतो, ही त्या काळाची सर्वसाधारण वृत्ती होती आणि तिची नोंद इथे राहिली पाहिजे. प्रोग्रामरांच्या आठवणींमध्ये कार्यालयांतील भाषा का सापडत नाहीत याचे बरेचसे उत्तर त्यात आहे: आठवणी लिहिणारे वेगळ्या खोलीत होते.

एक विचारतो. वीज गेल्यावर काय करत असत?

गळीतहंगाम

वीज अचानक गेली की उघड्या असलेल्या फाइलचा इंडेक्स बिघडण्याची शक्यता असे, आणि मग शोध चुकीचा येई किंवा नोंद असूनही सापडत नसे. मूळ माहिती डीबीएफ या नोंदींच्या फाइलमध्ये बहुधा सुरक्षित राही. म्हणून वीज आल्यावर पहिले काम रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणे, हेच असे, आणि काट्यावरच्या यंत्रासाठी तो आदेश सुरुवातीच्या मेनूतच ठेवलेला होता, जेणेकरून रात्रपाळीच्या लेखनिकाला कोणाला उठवावे लागू नये. यूपीएस आल्यावर हा त्रास कमी झाला.

मांजराकाठ (लातूर)

मी कनिष्ठ महाविद्यालयात बायफोकलचा, म्हणजे व्यवसायाभिमुख निवडीचा, संगणकशास्त्र हा विषय शिकवला. लातूरमध्ये अकरावी-बारावीच्या गुणांना काय वजन आहे हे सांगण्याची गरज नाही. बायफोकल विषय २०० गुणांचा, त्यात प्रॅक्टिकलचे गुण वेगळे, आणि त्यामुळे गणितात गती असलेली पुष्कळ मुले तो घेत. अभ्यासक्रमात सी++ होती, एचटीएमएल होते, आणि दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसर होता.

आपण सर्वजण भाषा कधी आली याची चर्चा करत आहात. मला ती कोणत्या रूपात आली याबद्दल लिहायचे आहे. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘क्लास असलेली सी’ म्हणून काम सुरू केले, १९८३ मध्ये तिला सी++ हे नाव मिळाले, १९८५ मध्ये ती बाजारात आली आणि १९९८ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. आमच्या प्रयोगशाळेत जे टर्बो सी++ होते ते मानक ठरण्याच्या कितीतरी आधीचे. त्यात नेमस्पेस (नावांचे वेगळे गट) नाही आणि मानक ग्रंथालयातील व्हेक्टर, मॅप यांपैकी काही नाही. मुले आयओस्ट्रीम डॉट एच लिहीत, कोनिओ डॉट एच घेऊन क्लिअर-स्क्रीन करत आणि शेवटी गेटसीएच लिहून निकाल पडद्यावर थांबवत. मानक ठरून दशक उलटले तरी हेच चालू राहिले. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्या सोळा बिटांचे प्रोग्राम चालवतच नाहीत, त्यामुळे नवी यंत्रे आली तेव्हा टर्बो सी++ थांबायला हवे होते. प्रत्यक्षात ते डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, घालून पुढे चालवले गेले.

यासाठी शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, आणि तो दिलाही जातो. परंतु प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तक, बाहेरून येणारे परीक्षक आणि प्रयोगशाळेतील यंत्रे या सर्वांचे एकमत टर्बो सी++ वर झालेले होते. एखाद्या शिक्षिकेने मुलांना मानक सी++ शिकवली असती तर प्रॅक्टिकलच्या दिवशी त्या मुलांचा प्रोग्राम समोरच्या यंत्रावर कंपाइल झाला नसता. मी वेगळा मार्ग काढला होता. परीक्षेसाठी लागणारे सगळे पूर्ण करून, दिवाळीनंतरच्या काही तासांत दुसरा कंपायलर दाखवत असे, जेणेकरून मुलांना पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर धक्का बसू नये. ज्यांना हे मिळाले नाही ते पुणे किंवा हैदराबादला मुलाखतीला जाऊन सांगत की मला सी++ येते, आणि समोरचा माणूस ज्या भाषेबद्दल विचारत असे ती या मुलांनी कधी पाहिलेलीच नसे. एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या आठवणीत दोन वेगळ्या भाषा आहेत. म्हणून गोदातीर सरांनी मागितलेल्या माहितीत भाषेच्या नावासोबत कंपायलरची आवृत्तीही लिहिण्याची अट घालावी, अशी माझी सूचना आहे.

देवगिरी

मांजराकाठ ताईंच्या सूचनेला माझे अनुमोदन.

पूर्णामाय (परभणी)

माझी पिढी थोडी नंतरची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे टेलिफोनवरचे इंटरनेट इतके संथ आणि महाग होते की जावाचा पूर्ण संच उतरवून घेणे म्हणजे रात्रभराचे काम, आणि मधे लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सन कंपनीने जावा मे १९९५ मध्ये जाहीर केली आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिला संच दिला; माझ्यापर्यंत ती मासिकासोबत आलेल्या सीडीतून पोचली. पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवर लिनक्सही येत असे. त्या एका चकतीत जीसीसी हा कंपायलर, पर्ल, पायथन, सर्व काही होते, आणि बसस्थानकावरच्या बुकस्टॉलमध्ये मासिकाच्या किमतीत ते मिळत होते.

माझे निरीक्षण असे आहे की सीडी येण्यापूर्वी प्रत्येक भाषा सुटी सुटी येत असे आणि म्हणून कोणाच्या ओळखीत काय आहे यावर सर्व अवलंबून होते. सीडीने पहिल्यांदाच अनेक भाषा एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. तरी मी पायथन उघडली नाही. पायथनची पहिली सार्वजनिक आवृत्ती फेब्रुवारी १९९१ ची, म्हणजे ती जावापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. माझ्या हार्ड डिस्कवर ती असूनही कित्येक वर्षे तिला कोणी हात लावला नाही, कारण नोकरीच्या जाहिरातींत जावा होती आणि क्लासच्या फलकावर जावा होती. आज मात्र माझ्याच वयाचे काही मित्र सांगतात की आम्ही पायथन पहिल्यापासून वापरत होतो. डिस्कवर असणे आणि वापरणे यांतला फरक त्यांच्या आठवणीतून निघून गेला आहे. त्यामुळे गोदातीर यांच्या मांडणीत मी इतकीच भर घालेन की भाषा हाताशी आली म्हणजे ती स्वीकारली गेली असेही नाही. ती शिकल्यावर पुढे काय मिळणार, हे समोर दिसावे लागते.

गोदातीर

पूर्णामाय, ही भर आवश्यक होती आणि माझ्या पहिल्या मांडणीत ती जागा मोकळी होती. नोकरीची जाहिरात हे उपलब्धतेइतकेच मोठे कारण आहे.

मांजराकाठ ताईंची सूचना मान्य करून माहितीचा नमुना असा करतो: भाषा व आवृत्ती, यंत्र, गाव, अंदाजे वर्ष, निवड कोणाची, आणि पुरावा काय. पुराव्याच्या बाबतीत थोडे तांत्रिक सांगतो, कारण अनेकांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे की फ्लॉपीवर केवळ तयार प्रोग्राम किंवा माहितीच्या फाइली आहेत, मूळ कोड नाही, तर त्यांचा उपयोग काय.

उपयोग आहे. डीबीएफ फाइलचा पहिला बाइट ती कोणत्या प्रणालीने तयार केली याची खूण असतो: मेमो (लांब मजकुराचे फील्ड) नसलेल्या डीबेस थ्री पद्धतीच्या फाइलीत तिथे तीन हा आकडा असतो, तर व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या फाइलीत षोडशमान (हेक्साडेसिमल) तीस. त्यापुढील तीन बाइटांत फाइल शेवटची बदलली त्या दिवसाचे वर्ष, महिना आणि तारीख असते. लिब्रेऑफिसमध्ये या फाइली आजही उघडतात. नावे इस्कीमध्ये असतील तर पडद्यावर विचित्र अक्षरे दिसतील, पण माहिती खराब झाली आहे असे समजू नये. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला असल्यामुळे रूपांतर फारसे अवघड नाही, आणि मी ते करून देईन. तयार प्रोग्रामांच्या बाबतीत, बोर्लंडच्या कंपायलरांनी बनवलेल्या फाइलींच्या पोटात कंपनीचे नाव आणि प्रताधिकाराचे वर्ष मजकूर म्हणून बहुधा सापडते, आणि त्यावरून प्रोग्राम पास्कलचा की सीचा हेही ओळखता येते.

गळीतहंगाम

एक सावधगिरी. पहिल्या एक्सटी यंत्रांपैकी अनेकांत बॅटरीवरचे घड्याळ नव्हते. यंत्र सुरू होताना तारीख विचारत असे आणि घाईत नुसते एंटर दाबले की १ जानेवारी १९८० हीच तारीख धरली जाई. हंगामात काट्यावर घाई असणारच. तेव्हा फाइलीत १९८० दिसले तर त्यावर विश्वास ठेवू नये आणि आतील पावत्यांच्या तारखा पाहाव्यात, कारण त्या लेखनिकाने समोरच्या गाडीप्रमाणे हाताने भरलेल्या असत.

माझ्याकडे सव्वापाच इंची फ्लॉपींचा एक डबा आहे, त्या वाचणारा ड्राइव्ह मात्र नाही. कोणाकडे चालू स्थितीत असल्यास कळवावे; लातूर, नांदेड किंवा संभाजीनगर, कुठेही घेऊन येईन.

देवगिरी

माझ्या ओळखीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात तसा ड्राइव्ह आहे आणि तो चालतो. फ्लॉपी आणण्यापूर्वी त्यांवर बुरशी आलेली नाही ना हे उजेडात धरून पाहावे, कारण एक खराब फ्लॉपी ड्राइव्हचे हेड घाण करते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पडतात. येताना कारखान्यातील फॉक्सप्रोच्या मूळ प्रोग्रामांच्या फाइली असतील तर त्याही आणाव्यात. डीबीएफमधून नावे आणि तारखा कळतील, पण पंधरवड्याच्या बिलात कपातीचा क्रम कसा लावला होता हे कळणार नाही. ते केवळ त्या प्रोग्रामांतच असणार.